समाप्तीचा रकाना

गुरुवार, ४ सप्टेंबर

पोहोचलो एकदाचा. सहा तासांचा प्रवास, त्यातला शेवटचा तास नुसत्या खडीचा, तरी कंबर जागेवर आहे. घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, नळाला पाणी. एक खिडकी रस्त्यावर उघडते आणि दुसरी शेजारच्या भिंतीवर. म्हणजे करमणूक आणि चिंतन, दोन्हीची सोय झाली. किल्ली द्यायला पोस्टमन आला होता. पन्नाशीचा, काटकुळा, एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. इथल्या तीन चर्चपैकी माळाखालच्या दोन्हींत ऑर्गनही तोच वाजवतो.

ही वही तीन वर्षांनी उघडतोय. पाळक म्हणून सेवेत होतो तेव्हा सेहेचाळीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेलो आणि लिहिण्यासारखं काही उरलंच नाही. आज पेपर वाचला, माझ्यानंतर जावयांनी वाचला. एवढ्यासाठी शाई कोण वाया घालवणार?

मुख्य कचेरीचं पत्र जुलैत आलं. आडगावातल्या तीन लहान मंडळ्यांना पाळक नाही, नवा मिळेपर्यंत सहा महिने उपासना चालवायला तुम्ही जाल का? मी पत्र दोनदा वाचलं ते फक्त दाखवायला. मनाने पहिल्या ओळीलाच बॅग भरली होती.

लेक मात्र अडून बसली. उन्हाळ्यात माझ्याकडून एकदा गॅस चालू राहिला आणि एकदा मी तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. एवढ्याशा दोन गोष्टी, पण तिने मनाशी गाठ मारून ठेवल्यात. माझा थोरला भाऊ शेवटी शेवटी स्वतःच्या मुलांना पाहुणे समजून चहा विचारायचा, ते तिने पाहिलंय. तिची भीती मला कळते. माझीही तीच आहे, पण मी ती बोलून दाखवत नाही. अखेर तिने अट घातली: एकदा जरी काही गोंधळ झाल्याचं कानावर आलं तर ती गाडी घेऊन येणार आणि मला सामानासकट उचलून नेणार. मी लगेच हो म्हटलं. गोंधळ होईल तेव्हा बघू.

शनिवार, ६ सप्टेंबर

पोस्टमनने तिन्ही चर्च दाखवली. पहिलं बंद गिरणीजवळ: पत्र्याचं छप्पर, बाकांवर कोणीतरी प्रेमाने शिवलेल्या गाद्या. दुसरं पुलाजवळ: दगडी, थंडगार, ऑर्गनचा एक भाता फाटका, पण पोस्टमन तो लेकरासारखा जपतो. तिसरं माळावर. तिथे तो आत आला नाही. गाडीतच बसून राहिला. तिथला ऑर्गन मोडलाय, म्हणून आपण तिथे येत नाही, म्हणाला. ऑर्गन मोडला म्हणून पाय मोडतात का, असं मी थट्टेने विचारलं, तर हसला नाही. एरवी फालतू विनोदालाही हसतो.

वेळापत्रक ठरलं. गिरणीजवळ सकाळी आठ, पुलाजवळ साडेदहा, माळावर दुपारी तीन.

रविवार, ७ सप्टेंबर

किती दिवसांनी असा थकलोय, आणि किती आनंदाने. गिरणीजवळ एकोणीस माणसं, पुलाजवळ चौदा. गिरणीजवळची एक आजी पहिल्या बाकावर करड्या कोटात बसते आणि उपदेश आवडला तर मान हलवते, नाही आवडला तर घड्याळ बघते. आज तिने एकदाच घड्याळ बघितलं. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो माझा.

माळावर मात्र जरा चमत्कारिक प्रकार. तिथलं सगळं एक बाई बघते. साठीची, रुंद खांद्यांची, घंटाही तीच वाजवते, म्हणून मी तिला मनातल्या मनात घंटाबाई म्हणतो. मी पावणेतीनला पोहोचलो तर मंडळी आधीच बसलेली. अकरा जण. बाहेर एकही सायकल नाही. घंटाबाईने मला दारातच गाठलं आणि हळूच सांगितलं, की इथे शेवटचा आशीर्वाद देत नाहीत. शेवटचं गीत झालं की पुस्तक मिटायचं आणि निघायचं, बाकीचं आमचं आम्ही बघतो.

आता ज्याला हे ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहितो (वाचणार कोण आहे म्हणा). शेवटचा आशीर्वाद म्हणजे ‘उपासना संपली, लेकरांनो’ पासून सुरू होणाऱ्या तीनच ओळी. पाळकाने हात वर करून त्या म्हणायच्या आणि मग लोकांनी उठायचं. त्याआधी कोणी उठत नाही. पोटात कळ आली तरी म्हातारेकोतारे बसून राहतात. आशीर्वादाशिवाय उपासना म्हणजे दार उघडं टाकून झोपायला जाणं. पण पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून ऐकलं. पुस्तक मिटलं, खाली उतरलो. अकराही जण तसेच बसून होते. गाडी सुरू केली तरी कोणी बाहेर आलं नव्हतं.

निघताना घंटाबाईने नोंदवही भरून माझ्यापुढे सहीला धरली. हजर: चार. मी म्हटलं, बाई, अकरा होते. ती म्हणाली, सही करा साहेब, उशीर होतोय तुम्हाला. हिशेबात कच्ची असेल बिचारी.

बुधवार, १० सप्टेंबर

माळावर घरभेटींना गेलो. नव्या पाळकाने घरोघर जायचं असतं. नाहीतर लोकांना त्याचं तोंड फक्त रविवारचं ठाऊक होतं. चारच घरं सापडली. घंटाबाई, दोघे सुतार भाऊ, एकमेकांना लागून राहतात आणि दहा वर्षांत एकमेकांशी बोललेले नाहीत, आणि एक निवृत्त मास्तर. उरलेले सात कुठे राहतात असं विचारलं तर मास्तरांनी चष्मा पुसायला काढला. जवळच आहेत, म्हणाले.

परतताना चर्चमध्ये शिरून नोंदवही चाळली. जुन्या वह्या चाळायची मला खोडच आहे. रकाने नेहमीचेच: तारीख, पाळक, हजर, आरंभ, समाप्ती. बावीस वर्षांपूर्वीपर्यंत सगळे रकाने भरलेले, एका सुरेख तिरप्या अक्षरात. मग एका रविवारी हजर अकरा, आरंभ तीन, आणि समाप्ती कोरी. त्यानंतर अक्षर घंटाबाईचं, आणि प्रत्येक रविवारी समाप्तीचा रकाना कोरा. बावीस वर्षं. हजेरी मात्र उतरत गेलेली. अकरा, दहा, नऊ. गेल्या वर्षापासून चार.

मी चारच्या जागी अकरा करायला पेन काढलं होतं. पण नाही केलं.

रविवार, १४ सप्टेंबर

खालच्या दोन्ही उपासना उत्तम. आजीने घड्याळ एकदाही बघितलं नाही.

माळावर आज मी नीट पाहिलं. चौघे जिवंतपणी बसतात तसे बसले होते: खोकतात, चुळबुळ करतात, धाकटा सुतार पेंगतो. बाकीचे सात ताठ. ठेवणीतले कपडे, बोटं गुडघ्यांवर. गीताच्या वेळी पुस्तकाचं पान उलटत नाहीत, पण गातात, आणि सुरेल गातात. ‘जिवंतपणी’ हा शब्द वर का लिहिला गेला कोण जाणे. खोडत नाही. वहीत खाडाखोड मला आवडत नाही.

चष्मा पुलपिटावर, उपदेशाच्या चौथऱ्यावर, राहिला म्हणून वीस मिनिटांनी अर्ध्या रस्त्यातून परत गेलो. सुतार आणि मास्तर गेले होते. सात जण तसेच बसलेले. घंटाबाई तिसऱ्या बाकावर एका पुरुषाशेजारी बसली होती आणि त्याला सांगत होती, की मागचं दार नीट लागत नाही, थोरल्या सुताराला दोनदा सांगितलं, आणि कोंबड्यांपैकी एक हल्ली अंडी देत नाही. तो पुढे बघत होता. मी चष्मा न घेता निघालो. गाडी फार हळू चालवली, कारण बिनचष्म्याचा होतो.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पोस्टमनला घरी बोलावलं, चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं. त्याने कप हातात घेतला. मग सगळं सांगितलं.

बावीस वर्षांपूर्वी माळावरचे पाळक उपासना संपवायला उभे राहिले, हात वर केले, आशीर्वादाची पहिली ओळ म्हणाले आणि तिथेच कोसळले. दुसरी ओळ त्यांच्या तोंडून आलीच नाही. मंडळी अकरा. त्यांनी पाळकांना उचललं, डॉक्टर आणला, सगळं केलं, पण आशीर्वाद राहिला तो राहिलाच. पुढे त्या अकरांपैकी एकेक जण वारत गेला. रीतसर पुरला गेला. आणि पुढच्या रविवारी तीन वाजता आपल्या नेहमीच्या जागेवर येऊन बसला. ‘उठा’ असं त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. मग उठणार कसे?

नंतरचे सगळे पाळक शहाणे निघाले. कोणी आशीर्वादाला हातच लावला नाही. पुस्तक मिटलं आणि गेले.

पोस्टमनची आई चौथ्या बाकावर बसते. चार वर्षांपूर्वी वारली. पाळक कोसळले त्या दिवशी तो स्वतः पुलाजवळ ऑर्गन वाजवत होता म्हणून वाचला. एकदाच वर जाऊन तिला बघून आला, पुन्हा गेला नाही. हे सांगताना तो रडला नाही, पण चहा तसाच राहिला.

मी मोठा धीट माणूस आहे असं नाही. पण भीतीपेक्षा मला राग आला. तीन ओळी! तीन ओळींसाठी सात जीव बावीस वर्षं ताटकळत बसलेत, आणि पाळक म्हणवणारे गाडी काढून घरी गेले. हे काम माझं आहे. या वयात माझ्यासाठी कोणीतरी राखून ठेवलेलं.

शनिवार, २० सप्टेंबर

घंटाबाई आली होती. माझा विचार तिच्या कानावर गेला असणार. पोस्टमनच्या पोटात काही राहत नाही. बसायला सांगितलं तरी बसली नाही. तिसऱ्या बाकावरचा तिचा नवरा. नऊ वर्षं झाली.

ती म्हणाली, “मला आठवड्यातून एक तास मिळतो, साहेब. तो बोलत नाही, पण असतो.”

मी तिला माझ्या परीने समजावलं. प्रेम म्हणजे धरून ठेवणं नव्हे, वगैरे. शेकडो घरांत सांगितलेलंच. माझी पत्नी गेली तेव्हा मला हेच कोणी सांगितलं होतं आणि त्याला घराबाहेर काढावंसं वाटलं होतं, ते आठवलं आणि जीभ जरा अडखळली. ती ऐकून घेत राहिली. मग दाराशी थांबून म्हणाली, “द्यायचाच असेल तर पुरा द्या. अर्धा देऊ नका. अर्ध्यावर सुटलं की ते देणाऱ्याच्या मागे लागतं, असं आमचे पाळक कोसळले तेव्हा मास्तर म्हणाले होते. म्हणून आजवर कोणी सुरूच केला नाही.”

मला हसू आलं. सेहेचाळीस वर्षांत दहा हजार वेळा तरी म्हटला असेल. झोपेतून उठवलं तरी म्हणेन.

रविवार, २१ सप्टेंबर

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

शेवटचं गीत झालं. पुस्तक मिटलं नाही. हात वर केले. घंटाबाईने नवऱ्याच्या बाकाची कड घट्ट धरली होती. मी पहिली ओळ म्हणालो, स्वच्छ, खणखणीत. आणि त्या सातांनी माना वर केल्या. पहिल्यांदाच मला त्यांचे चेहरे दिसले. इतकी आशा मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही, मरणाऱ्याच्याही नाही आणि नवरीच्याही नाही. चौथ्या बाकावरची म्हातारी अर्धी उठली होती.

आणि दुसरी ओळ नव्हती.

विसरलो असं नाही. विसरलेल्या गोष्टीची जागा तरी माहीत असते. तिथे जागाच नव्हती. तोंड उघडं, हात वर, आणि आत काही नाही. किती वेळ गेला माहीत नाही. हात दुखून खाली आले. म्हातारी पुन्हा खाली बसली. सावकाश, कुणाला त्रास नको अशा बेताने बसली. ते मला सहन होत नाही.

घंटाबाईने नोंदवही पुढे धरली नाही. मी गेलो तेव्हा ती माझ्याकडे बघतही नव्हती.

मंगळवार, २३ सप्टेंबर

स्वयंपाकघरात तिन्ही ओळी म्हटल्या. भांड्यांना, खिडकीला, आरशाला. एकदाही अडलो नाही. मग रविवारी काय झालं? वय. दुसरं काय. भावालाही आधी असंच सुटंसुटं व्हायचं.

लेकीचा फोन आला. सगळं झकास चाललंय म्हणालो. आवाज बसलाय का विचारलं तिने. खूप गायलो म्हटलं.

रविवार, २८ सप्टेंबर

आशीर्वाद कागदावर लिहून नेला होता. मोठ्या अक्षरात, तीन ओळी, घडी करून पुस्तकात. गिरणीजवळ घडी उघडली. माझंच अक्षर, माझीच शाई, आणि एकच ओळ. खाली कोरा कागद.

म्हणून ठरवलं की आज म्हणायचाच नाही, पुस्तक मिटायचं. पण गीत संपलं आणि हात आपोआप वर गेले. तोंडाने आपणहून पहिली ओळ म्हटली. सेहेचाळीस वर्षांची सवय. ती काही मला विचारत नाही. मग तीच पोकळी. एकोणीस माणसं माझ्याकडे बघत राहिली. शेवटी करड्या कोटातल्या आजीने खोकून सगळ्यांची सुटका केली आणि लोक एकेक करून उठले. पण दारापर्यंत गेलेले मागे वळून बघत होते, काही विसरल्यासारखे.

पुलाजवळ तसंच. पोस्टमनने घाईघाईने ऑर्गन सुरू करून वेळ मारून नेली. नंतर माझ्याजवळ आला, काही विचारलं नाही, पाणी दिलं.

माळावर गेलो नाही. लाज वाटली.

घरी आल्यावर त्या कागदावर तिन्ही ओळी होत्या.

गुरुवार, २ ऑक्टोबर

गिरणीजवळची आजी पहाटे झोपेत गेली. ब्याऐंशी वर्षांची. चांगलं मरण म्हणतात सगळे. त्या रविवारी ती पहिल्या बाकावर होती. अर्ध्या आशीर्वादात.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

पुरलं. करडा कोट घातला होता तिला, तिचीच इच्छा होती. कबरीपाशीही पहिली ओळ आली. दुसरी नाही. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं. तिच्या मुलाने माझा हात हातात घेतला, आभार मानले.

रविवार, ५ ऑक्टोबर

आजी आली आहे.

पहिला बाक. करडा कोट, गुडघ्यांवर बोटं. घड्याळ बघत नाही आता. तिच्या मुलाने तिला बघितलं आणि उपदेशभर तो जमिनीकडे बघत बसला. कोणी किंचाळलं नाही. कोणी काही बोललं नाही. हेच जास्त—

हे मी केलं. माळावर बावीस वर्षं कोंडलेलं होतं, ते मी खाली आणलं. घंटाबाईने सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं.

पुलाजवळची उपासना रद्द केली. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. फाडलं. काय लिहिणार? वाचतील, म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, आणि पहिला फोन लेकीला जाईल. मग पुन्हा पेपर. जावयांच्या आधी पेपर. आणि ही सगळी माणसं, एकोणीस आणि चौदा, आज ना उद्या एकेक करून—

माझ्या गर्वापायी. लिहूनच ठेवतो. भीतीपायी नाही, गर्वापायी.

बुधवार, ८ ऑक्टोबर

पोस्टमनला सांगितलं, यापुढे खाली उपासना नाहीत. कोणी येऊ नका. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता त्या नजरेने मी भावाकडे बघायचो. तुमच्या घरी कळवू का, म्हणाला. नको म्हटलं. शपथ घातली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

गिरणीजवळच्या रिकाम्या चर्चमध्ये उभा राहिलो. तिन्ही ओळी आल्या! समोर कोणी नसलं की येतात. म्हणजे डोकं ठीक आहे. म्हणजे ते त्यांच्यात आणि माझ्यात काहीतरी आहे.

जिथे तुटलं तिथेच जोडलं पाहिजे. रविवारी तीन वाजता माळावर. घंटाबाईशी बोललो. मास्तर आणि सुतार येणार नाहीत. ती बाहेर थांबेल, कोणाला आत सोडणार नाही. समोर फक्त ते सात. नवीन कोणीही नाही. उभा राहीन, रात्र झाली तरी, पुरा होईपर्यंत.

ती म्हणाली, नऊ वर्षं पुरे झाली. त्याचे डोळे दमलेत.

शनिवार, ११ ऑक्टोबर

लेकीचा फोन दोनदा वाजला. घेतला नाही. आवाजावरून ओळखते ती.

रविवार, १२ ऑक्टोबर

तीन वाजून वीस. पुलपिटावरून लिहितोय. मौन प्रार्थना चालू आहे. मी आमेन म्हणेपर्यंत माना खाली राहतात, म्हणून लिहिता येतं.

लेक आत आहे.

पोस्टमनने शपथ मोडली. चांगल्या मनाने. फोन केला. दुसरं गीत चालू असताना दार उघडलं, मागे घंटाबाई तिचा दंड धरून— तिने हात सोडवून घेतला. माझे वडील आहेत, म्हणाली. आली आणि मधल्या बाकावर बसली. प्रवासाचे कपडे, विस्कटलेले केस. सहा तास गाडी चालवली असणार एकटीने.

सात नाहीत. आठ. आजी इथेही आली आहे. लेकीच्या शेजारी, कडेला.

खाली उतरून गेलो मी तिच्यापाशी. ऊठ म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर जा. तिने माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं. ओरडली नाही, रागावली नाही. ती समजली की मी— भावासारखा— 

“शेवटची आहे ना ही, बाबा? नीट पूर्ण करा,” ती म्हणाली. “मी थांबते.”

आणि मला हाताला धरून पुलपिटाच्या पायऱ्यांवर आणून सोडलं.

तिला खरं सांगितलं तर? सांगितलंच. सगळं, कुजबुजत. बघ, तुझ्या शेजारची बाई बघ. तिने बघितलं. आजीला नमस्कार केला. मग माझ्या गालाला हात लावला.

आमेन म्हणणार नाही. म्हटलंच नाही तर गीत नाही, गीत नाही तर आशीर्वाद नाही. पहिली ओळ यायलाच नको. असाच बसेन. कंटाळेल. उठेल. जाईल. जा ना ग.

तीन चाळीस. कोणी हललेलं नाही. तिने मान वर केली. बघतेय माझ्याकडे. हसली थोडी. लहानपणी मी अडलो की पहिल्या बाकावरून ओठ हलवून दाखवायची, तशी—

नको. नको, बाळ—

तिला वाटलं मी विसरलो. पुढे काय ते विसरलो. तिने शेवटचं गीत सुरू केलं. एकटीने, बसल्या जागेवरून, तिच्या आईच्या आवाजात. आणि ते आठही जण तिच्या सुरात मिसळले.

चार कडवी. पहिलं संपलं.

हात वर जाऊ पाहतोय. डावा दाबून धरलाय. उजव्याने लिहितो. ओळी आत्ता लिहिल्या तर वाचून दाखवता येतील. गीत संपायच्या आत. कागदावर असल्या की—

दुसरं कडवं. घंटाबाई दार ठोठावतेय. आत येऊ नका.

काय होतं. देवा, काय होतं ते. दहा हजार वेळा. माझ्यासाठी नाही मागत, तिच्यासाठी. ती चाळिशीचीही नाही. तिची मुलं—

तिसरं.

डोळे मिटून गातेय ती. किती सुरेख. किती ताठ बसली आहे.

चौथं. आठवतंय. थांब. येतंय. पहिली आली, आता मागोमाग—

उपासना संपली, लेकरांनो.
आता उठा आणि